नाथाजी हवालदाराची लाइन

यात्रेतल्या आकाशपाळण्यात बायकोला पहिल्या फेरीला, पहिल्या पाळण्यात बसवून दाखवीन, नाही तर स्वतःला हवालदार म्हणवून घेणार नाही, अशी घोषणा नाथाजीनं यात्रेच्या दिवशी सकाळी अंगणात उभं राहून केली. घोषणा राहीबाईसाठी होती, पण आवाज शेजारच्या मनुबाईच्या चुलीपर्यंत पोचेल असा काढला होता. पलटणीत सोळा वर्षं काढलेल्या माणसाला आवाज कुठवर न्यायचा ते बरोबर कळतं.

सगळ्या दुखण्याचं मूळ ही मनुबाईच होती. गेल्या साली कोपरं मारत मारत ती पाळण्यात चढली आणि तेव्हापासून पाणवठ्यावर तिला दुसरा विषय नव्हता. "राहीबाई, वरनं तुजं समदं परसदार दिसतं गं. वाळत घातलेलं धुणंबी दिसतं. ते निळं लुगडं इरलंय बग तुजं." वर्षभर हे ऐकून राहीबाईच्या डोक्यात राख गेली होती. तिनं याआधी दोनदा प्रयत्न केला होता. एकदा गर्दीत चप्पल गेली, एकदा हातभर बांगड्या फुटल्या. पाळण्याला तिचा हात काही लागला नाही.

"औंदा मी बसनार," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमच्यासंगं न्हाई तर तुमच्याबिगर."

"बसशील की. पर ढकलाढकली करून न्हाई. लाइनीत उभं ऱ्हाऊन, हक्कानं."

"लाइन कुटं हाय तितं?"

"मी लावीन."

राहीबाईनं भाकरी उलटली आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक फार नव्हतं. पण नाथाजी मिशीला तूप लावत होता, त्यामुळे त्याच्या ते लक्षात आलं नाही.

यात्रा भरायची उंब्रजच्या पलीकडे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात. दुष्काळ सरून गेला होता, पोटात अन्न होतं, त्यामुळे माणूस नुसता लोटला होता. त्यात यंदा मिरजेकडचा गुंडा नावाचा पाळणेवाला इंजिनावर फिरणारा पाळणा घेऊन आला होता. आजवरचे पाळणे दोन गडी हातानं ओढायचे. हा डिझेलवर फिरायचा, आणि फिरताना असा काही गरजायचा की देवळातली घंटा ऐकू येईना. डिझेलची देशभर टंचाई. गुंडानं हातापाया पडून एक डबा मिळवला होता आणि दिवस मावळला की पाळणा उतरवून तो दुसऱ्या यात्रेला निघणार होता. म्हणजे जे काय बसायचं ते आजच, उजेडातच.

नाथाजी आणि राहीबाई पोचली तेव्हा पाळण्याभोवती माणसांचं मोहोळ लागलं होतं. पाळणा खाली टेकला की चौघांच्या जागेवर नऊ जण तुटून पडत. बसलेला माणूस उतरायच्या आधीच त्याच्या मांडीवर दुसरा बसे. एक गृहस्थ उतरता न आल्यामुळे तिसऱ्यांदा वर गेले होते आणि वरून देवाचं नाव घेत होते. गुंडा घसा फोडून ओरडत होता, "ओ, मोडतंय ओ! एकेक चढा की!"

एवढं मात्र खरं, की पाळणा एकदाही रिकामा फिरत नव्हता. ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानात आली नाही.

नाथाजी गुंडाजवळ गेला. "मालक, ह्या समद्यास्नी लाइनीत हुबं करून दिलं, तर लाइनीच्या पयल्या फेरीचा पयला पाळणा आमचा?"

"एवढं केलासा तर तिकीट पण नको ओ तुमचं."

"तिकीट घ्या. फुकटचं मागाय आलो न्हाई." एवढं बोलून नाथाजी शेजारच्या बैलगाडीवर चढला, छाती भरून घेतली आणि पलटणीतल्या हिंदीत गरजला, "लाइन बनाओ! एक के पीछे एक! सावधान!"

आता दुसऱ्या कुठल्या मुलखात लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण या भागात घरटी एक माणूस पलटणीत. निम्मी गर्दी पेन्शनवाली, उरलेल्यांतली निम्मी सुट्टीवर आलेली. टाचेला टाच लागल्याचा एकच आवाज झाला. एकाच्या हातात भेळ होती. त्याचे हात बाजूला सरळ झाले आणि भेळ जमिनीवर गेली, पण त्यानं खाली पाहिलं नाही. बघता बघता पाळण्यापासून कडब्याच्या गाड्यांपर्यंत सुतानं आखावी तशी रांग उभी राहिली. जे पलटणीत नव्हते तेही घाबरून तिच्यात शिरले. गुंडानं इंजिनाच्या तेलाचा हात पुसून कपाळाला लावला.

रांगेत पहिली राहीबाई. तिच्यामागे नाथाजी. गुंडानं पाळण्याची साखळी काढली, राहीबाईनं पदर खोचला, एक पाय उचलला.

"जवान, कंची पलटन?" मागून आवाज आला.

आवाज आकाराम सुभेदारांचा होता. पांढऱ्या झुपकेदार मिशा, डोक्याला फेटा, कोटाला पदकं. पेन्शन घेऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण पदकं ते शेताला पाणी पाजतानाही काढत नसत, असं म्हणतात. नाथाजीचा उजवा हात त्याला न विचारता कपाळाकडे गेला आणि तोंडानं पलटण, हुद्दा दोन्ही सांगून टाकलं.

"सुभेदार हुबा हाय मागं, आन हवालदार म्होरं. ही कसली लाइन?"

"चुकलं, साब," नाथाजी म्हणाला आणि बाजूला झाला. बाजूला होताना त्यानं राहीबाईलाही दंडाला धरून घेतलं. हवालदाराच्या बायकोनं सुभेदाराच्या पुढं उभं राहणं कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं.

"आवं, त्ये सुभेदार लढाईतलं. जत्रंत कशाचं सुभेदार?"

"हुद्दा त्यो हुद्दा असतो गं. तुला न्हाई कळायचं."

इथवर फार काही बिघडलं नव्हतं. एक सुभेदार आणि सुभेदारीण बसले असते, मग यांची पाळी. पण सुभेदारांना पुढं गेलेलं रांगेनं पाहिलं, आणि रांगेच्या पोटात खळबळ सुरू झाली. एक नायब सुभेदार कडब्याच्या गाडीपाशी उभे होते, ते ताडताड पुढं आले. मग दुसरे आले. मग पाचसहा हवालदार आले आणि नाथाजीला म्हणाले, "भरती कवाची तुजी?" नाथाजीनं साल सांगितलं. सगळे हसले. सगळे त्याच्या आधीचे होते. त्यांच्यापुढं नाथाजी कालचं पोर.

"मागं ऱ्हा गड्या."

नाथाजी मागं सरला. राहीबाईही मागं सरली, पण पाय आपटत.

मग दगडाबाई आली. सत्तरीची म्हातारी, हातात काठी, तोंडात दात नाही. ती सरळ सुभेदारांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"आजी, मागं व्हा," सुभेदार म्हणाले.

"माजा ल्योक क्याप्टन हाय."

सुभेदारांनी क्षणभर विचार केला आणि खाडकन सलाम ठोकला. म्हातारीनं काठी वर करून तो घेतला. हे पाहताच रांगेतल्या सगळ्या आयांना आपापले मुलगे आठवले. एकीचे दोन मुलगे शिपाई होते. दोन शिपाई मिळून एक नाईक होतो की नाही, यावर तिथंच वाद पेटला.

त्यात वाईचे विष्णुपंत मास्तर पुढं झाले. धोतर, काळी टोपी, खांद्याला पिशवी. "मी शाळेत एन.सी.सी. घेतो," ते शांतपणे म्हणाले. "सरकारनं मला थर्ड ऑफिसर केलेलं आहे. ऑफिसर म्हटल्यावर सुभेदारांच्या वर यायला हरकत नसावी."

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. "लाकडाच्या बंदुकीचा आफिसर!"

"बंदूक लाकडाची असली तरी हुद्दा सरकारी आहे. गॅझेट दाखवू का?"

इकडं इंजिन धडधडत होतं. पाळणा फिरत होता आणि त्यात एक माणूस नव्हतं. गुंडा हात जोडून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. "बसा की ओ कुणीतरी! डिझेल जळायलंय! चोर बसला तरी चालंल, पर बसा ओ!" पण बसायचं कुणी हे ठरल्याशिवाय बसणार कोण? रांग मात्र अशी सरळ होती की बघत राहावं. नाथाजी बघतच राहिला होता. आपण तिच्यात कडब्याच्या गाडीला टेकलो आहोत, याचं त्याला दुःख होतं, नाही असं नाही. पण अंगात पलटण भिनलेली होती. त्याला वाटलं, लाइन चुकत नाही, वेळ लागतो एवढंच.

"दिवस कलला," राहीबाई म्हणाली.

"ठरंल आता. मास्तरांचं झालं की आपलं."

"मास्तरांचं काय ठरायचंय? त्येंनी गॅजेट आणाय वाईला मानूस धाडलाय."

राहीबाईनं एकदा पाळण्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदर कमरेला कचकचून खोचला.

"मला येक सांगा. मी पलटनीत भरती झालेय का?"

"न्हाई."

"मला कुनी हुद्दा दिलाय का?"

"न्हाई. पर..."

"मग मला कोन अडवनार?"

ती रांगेतून बाहेर पडली आणि रांगेच्या कडेकडेनं पुढं चालू लागली. चालता चालता ती दरेक बाईच्या कानाशी काहीतरी बोलत होती. सुभेदारीणबाई डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांच्या पायांना सूज आली होती.

"चला सुभेदारीणबाई."

"आवं पर ह्ये..."

"ते हायेत की लाइनीत. त्यास्नी ऱ्हाऊ द्या."

नाथाजीला काय होतंय ते उशिरा कळलं. "थम!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. सगळे पुरुष जागच्या जागी आणखी ताठ झाले. बायका थांबल्या नाहीत. त्यांनी घरी याहून मोठे आवाज ऐकलेले होते. दगडाबाई काठी टेकत सगळ्यात आधी चढली, मागून सुभेदारीण, मग रांगेतल्या सगळ्या. राहीबाई शेवटच्या पाळण्यात एकटीच बसली, ऐसपैस. गुंडानं साखळ्या लावल्या आणि आनंदानं इंजिनाला हात घातला. पुरुषांनी काय करावं? बायकांत घुसता येईना आणि लाइन मोडता येईना. ते सावधान उभे राहून आपापल्या बायका वर जाताना आणि खाली येताना बघत राहिले.

चांगल्या चार फेऱ्या झाल्या. पाचवीला इंजिनानं खोकल्यासारखा आवाज काढला, दोनदा उचकी दिली आणि ते गप्प झालं. डबा कोरडा पडला होता. सगळं डिझेल रिकाम्या पाळण्यानं पिऊन टाकलं होतं. पाळणा हळूच डुलला आणि थांबला, आणि राहीबाईचा पाळणा नेमका टोकाला राहिला.

"काय न्हाई ओ," गुंडा म्हणाला, "धा-बारा गडी लागा, हातानं फिरवून एकेकीला उतरवू."

"शाब्बास. मी हुकूम देतो," सुभेदार म्हणाले.

"एक मिनिट," विष्णुपंत म्हणाले. "गॅझेट येईपर्यंत हुकूम कुणी द्यायचा हा प्रश्न खुला आहे."

नाथाजीनं वर पाहिलं. आभाळाला टेकल्यासारखा तो पाळणा वाऱ्यानं करकरत होता आणि त्यात राहीबाईच्या हिरव्या लुगड्याचा पदर तेवढा फडफडत होता. सोळा वर्षांत त्यानं हुकमाबिगर पाऊल टाकलं नव्हतं. आता तो सुभेदार आणि मास्तर यांच्या मधून धक्का मारत पुढं घुसला आणि ओरडला, "लाइन तोड!"

लाइन तुटली. तुटली म्हणजे काय, सगळे एकदम पाळण्यावर धावले. चप्पल गेली, फेटे गेले, सुभेदारांचं एक पदक चिखलात गेलं. मास्तरांनी धोतर खोचून पाळण्याच्या चाकाची एक आरी धरली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला सुभेदार लोंबकळले. पाळणा करकरला आणि फिरला.

एकेक बाई उतरू लागली. फिरत फिरत राहीबाईचा पाळणा जमिनीशी आला. नाथाजीनं साखळी काढून हात पुढं केला. घामानं त्याची मिशी खाली आली होती.

राहीबाई जागची हलली नाही. "सुभेदारीणबाई उतरल्या?"

"न्हाई अजून. त्या पलीकडं हायेत, वरच्या अंगाला."

"मग मी कशी उतरू? त्या सीनियर हायत."

"अगं, उतर की!"

"हुद्दा त्यो हुद्दा असतो," राहीबाई म्हणाली आणि साखळी आपल्या हातानं परत लावली. "फिरवा."

मागं डझनभर माणसं आऱ्या धरून खोळंबली होती. नाथाजीनं पाळण्याला खांदा लावला. सुभेदारीण उतरल्या, नायब सुभेदारीण उतरल्या, भरतीच्या सालाप्रमाणे सगळ्या हवालदारणी उतरल्या, आणि प्रत्येक वेळी राहीबाई नमस्कार करून पुन्हा वर गेली. दिवस बुडाला तेव्हा ती शेवटची खाली आली, पदर झटकला, आणि जशी रोजच पाळण्यात बसते अशी उतरून चालू लागली.

नाथाजी तिच्यामागून हाताचे फोड फुंकत चालला होता. गर्दी मागं पडल्यावर त्यानं घसा खाकरला.

"लय वेळ हुतीस वर. काय दिसलं?"

"तुमची लाइन."

नाथाजी थांबला. "कशी दिसत हुती?"

"लय सरळ हुती वो," राहीबाई म्हणाली, "जागचं कुनी बी हाललं न्हाई."

ती हसते आहे का, हे अंधारात नाथाजीला दिसलं नाही. त्यानं ते पाहिलंही नाही. फोड आलेल्या हातानं त्यानं मिशी वर केली, छाती काढली, आणि घर येईपर्यंत डावा-उजवा पाय बरोबर टाकत चालला.