तांदळाच्या कोठीतली दुसरी कापी

तांदूळ काढायला कोठीत हात घातला की आधी वामनची डबी लागायची, मग तांदूळ.

हा वामन आमच्या विणकर सोसायटीचा कॉम्प्युटर सांभाळतो. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्याचं गाव गेलं, भाऊ एकीकडे गेले, हा इकडे आला. माझ्या घरामागे खोली घेऊन एकटाच राहतो. सोसायटीच्या मोठ्या मशीनला तो सर्व्हर म्हणतो. आमच्या विणकरांच्या साड्यांच्या काठांचे सगळे नकाशे तिच्यात आहेत. कागदावरचे उधईने खाल्ले, काढणारे बरेचसे वर गेले, माझा नवराही गेला. मशीन गेली की काठ गेले, म्हणून त्यांची नक्कल, त्याच्या भाषेत कापी, तो एका डबीत भरून ठेवतो, एवढं मलाही कळतं. पण म्हणून माझ्या तांदळात?

"मावशी, एकाच घरात दोन कापी म्हणजे एकच कापी. आग लागली त दोन्ही जातीन. दुसरी कापी दुसऱ्या घरी पायजे."

"मंग माझंच घर काहून? गावात घरं नाहीत?"

"तुमची कोठी कोरडी आहे."

दर शनिवारी तो डबी काढायचा, माझ्या छपरीत जुना कॉम्प्युटर मांडायचा आणि एकेक नकाशा उघडून पाहायचा. "न उघडलेली कापी म्हणजे कापी नाही, मावशी. नुसता भरोसा." भरोसा हा शब्द तो शिवीसारखा उच्चारतो.

ही खोड सगळीकडेच. नवी चप्पल घेतली, तर जुनी आठवडाभर पिशवीत घेऊन फिरला. माझ्या लोणच्याची एक बरणी 'दुसऱ्या घरी' म्हणून आपल्या खोलीत नेली. दर शनिवारी उघडून तपासायचा. तपासून तपासून संपवली.

उन्हाळ्यात मी तांदूळ अंगणात वाळत घातले. डबीही घातली. वामन आला, पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"वाळवून राहिली. ओल नको म्हणून तूच सांगे ना?"

त्याने डबी सावलीत नेली आणि तापलेल्या लेकराला घालावा तसा तिला सुपाने वारा घातला. मग सगळे नकाशे उघडून पाहिले. धड होते. दुसऱ्या दिवशी माझ्या कोठीच्या झाकणावर चिठ्ठी: 'उन्हात टाकू नये.' माझ्या कोठीवर!

मग पावसाळ्यात सोसायटीजवळ वीज पडली. मशीन जळाली, तिला जोडून ठेवलेली पहिली कापीही जळाली. अध्यक्ष, विणकर, सगळे माझ्या छपरीत येऊन बसले. वामनने कोठीत कोपरापर्यंत हात घातला. डबी लावली. पडदा काळाच. मग एकेक काठ दिसू लागला. माझ्या नवऱ्याचा करवत काठही आला. त्यातला एक दात तेव्हाही वाकडा होता.

"वाकडाच आहे अजून," मी म्हटलं.

"कापी आहे, मावशी. दुरुस्ती नाही."

नवी मशीन आली तेव्हा अध्यक्षांनी ठरवलं, दुसरी कापी आता नेटवरून नागपूरला जाईल. मावशीच्या कोठीचं काम नाही. मी म्हटलं, सुटले.

त्या संध्याकाळी वामन फाटकाशी उभा. हातात डबी नाही, म्हणून आत येईना.

"काहून उभा आहेस खांबासारखा?"

त्याने खिशातून चावी काढली. "माझ्या खोलीच्या लॅचची दुसरी चावी आहे. तुमच्या घरी राहू द्या."

"कायले?"

"एखाद्या सकाळी मी दार उघडलं नाही त..."

मी चावी घेतली आणि कोठीत टाकली. एवढ्यावर सुटेन असं वाटलं होतं.

"उघडून पाहा लागते, मावशी. दर शनिवारी."

तेव्हापासून दर शनिवारी मी गुडघे धरत त्याच्या खोलीशी जाते. तो आत दार लावून बसलेला असतो. मी बाहेरून चावी फिरवते. "लागली, मावशी, लागली!" तो आतून ओरडतो. स्टोव्हवर चहा तयार असतो. साखर नेहमी जास्त. किती वेळा सांगितलं, ऐकत नाही.