आमच्या मॅडम लय खराब!

आमचं आरोग्य केंद्र जिल्ह्यात पहिलं येणार, हे मी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं! केंद्र जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. नाव विचारू नका. मी तिथला फार्मासिस्ट. गाव मला कंपाउंडर म्हणतं, पण गावाचं काय घेऊन बसलात!

गुणवत्ता तपासायला वरून समिती येणार होती, आणि सुधारणेचा सगळा भार मी एकट्याने उचलला होता. फरशीवर बाण काढले. बाण सोडून चालणाऱ्याला दारापासून पुन्हा चालायला लावलं. गोळ्या कधी घ्यायच्या हे तीनदा पाठ म्हणून दाखवल्याशिवाय खिडकीतून पुडी सोडत नव्हतो. सत्यभामाबाईंकडून तर हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या करून घेतल्या. बाई आल्या होत्या गुडघा दाखवायला! पण लोकांच्या भल्यासाठीच ना हो सगळं?

बाकी आमच्या डॉक्टर महामाया मॅडम म्हणजे सोनं. वेळेवर हजर, हाताला गुण, म्हाताऱ्यांशी निवांत बोलणार. रुग्णांच्या मुलाखतीत आपल्याला पैकीच्या पैकी मिळणार, याबद्दल मी निश्चिंत होतो.

समिती आली. अध्यक्षबाईंनी रांगेतल्या किसनरावांना विचारलं, "डॉक्टर कशा आहेत?"

"लय खराब!"

माझ्या हातातलं रजिस्टर खाली पडलं.

"म्हणजे?"

"त्याईच्या औषधानं दोन डाव मराले टेकलो मी!"

"मग आज कशाला आलात?"

"तिसऱ्या डावाले!"

त्यांच्या मागचा इंद्रभान पुढे सरसावला. "मॅडम डोये मिटून सुई टोचतात जी! मांगच्या हप्त्यात माही सुई बाजूच्याले टोचली. अन् बरा तो झाला!"

मॅडम स्टेथोस्कोप हातात धरून तशाच उभ्या. डोळ्यांत पाणी! मी सत्यभामाबाईंना वजनकाट्याच्या आडोशाला ओढलं.

"काऊन हो बाई, मॅडमनं काय बिघडवलं तुमचं?"

"हळू बोला ना, कंपाउंडर भाऊ! मांगच्या डॉक्टरले आपन साऱ्याईनं चांगला म्हटलं. त्याले बक्षीस भेटलं अन् महिन्याभरात बुलढाण्याले नेलं. मंग आठ महिने खुर्ची रिकामी. माह्या लेकीचं, छकुलीचं, बाळंतपण ऑटोत झालं. आता मॅडमले कोनी चांगलं म्हनाचं नाही, असं गावानं ठरवलं. त्या गेल्या त आमी कोनाकडे पाहाचं?"

मी जाऊन हे सगळं मॅडमच्या कानावर घातलं. त्या आधी रडल्या, मग हसल्या, मग मास्क चढवून पोटभर हसल्या.

तेवढ्यात अध्यक्षबाईंनी शेवटचा प्रश्न टाकला, "आणि फार्मासिस्ट?"

रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकच गलका!

"देवमानूस!"

"हिरा हो, हिरा!"

किसनरावांनी तर अध्यक्षबाईंना हात जोडले. "असा गुनी मानूस या खेड्यात सडून राह्यला, मॅडम! त्याले जिल्ह्याच्या जागी न्या. आजच न्या!"

काय सांगू, ऊर भरून आला माझा! सत्यभामाबाईंचं गणित नुकतंच ऐकलं होतं, पण ते डोक्यात शिरेल तर शपथ.

अहवाल आला. केंद्र नापास! खाली शेरा: डॉक्टरांनी आणखी तीन वर्षं इथेच राहून कामात सुधारणा करावी. त्याच्याखाली माझं कौतुक, आणि आठवडाभरात बुलढाण्याला बदली.

निरोपाला अख्खं गाव स्टँडवर लोटलं. हार, नारळ, पेढे! एसटी वळणाआड जाईपर्यंत एक माणूस जागचा हलला नाही. कंडक्टर म्हणाला, "लय जीव दिसते गावाचा तुमच्यावर!" मी डोळे पुसत हो म्हणालो.

नांदुरा गेलं, मोताळा गेलं, आणि राजूर घाट चढताना कुठे माझी ट्यूब पेटली. मी खरंच गेलो ना, याची खात्री करायला थांबले होते सगळे!