गुरुपादप्पांचा ओटा

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गुरुपादप्पा दुकानात पितळी तांब्या पुसत बसले होते. तेवढ्यात ओट्यापाशी एक तरुणी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल.

"काका, तुमच्या या ओट्याच्या जागी आधी काय होतं?"

गुरुपादप्पांच्या हातातला तांब्या सुटला आणि ठणठणत रस्त्यावर गेला. लातुरात, गंजगोलाईच्या बाजारामागच्या त्या गल्लीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. ओट्याच्या जागी आधी रस्ता होता. आजोबांनी नालीवर फरशी टाकली, वडिलांनी फरशीच्या पुढं ओटा बांधला आणि गुरुपादप्पांनी ओट्याच्याही पुढं पत्र्याचं शेड काढून त्याला घागरी टांगल्या. प्रत्येक पिढीनं घराणं थोडं पुढं नेलं होतं.

"ओटाच हुता," ते कसेबसे म्हणाले. "पयल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हंजी… लातूर व्हायच्या आधीपासून."

ती हसली. "मी मंजुषा. शहर कसं बदललं, त्याच्या आठवणी गोळा करतेय. तुमचं बोलणं रेकॉर्ड करू?"

त्यातला 'रेकॉर्ड' तेवढा गुरुपादप्पांच्या कानात शिरला. रेकॉर्ड महापालिकेत असतं, आणि त्यात ओटा नव्हता. "आज तब्येत बरी न्हाई. उद्या या," ते म्हणाले. खरंच त्यांना दरदरून घाम फुटला होता. जाताना तिनं दुकानाचा फोटो काढला.

ते तडक समोरच्या हणमंतरावांच्या चहाच्या हॉटेलात शिरले. हॉटेलची भट्टी भर रस्त्यात होती.

"ती बाई तुमच्याकडं आलती का?"

"हाव. म्या सांगितलं, भट्टीच्या जागी पयले बैलगाड्या वळायच्या."

"काहून सांगितलं ओ?"

"लई गोड बोलून इचारली."

गुरुपादप्पांनी कपाळाला हात लावला. शेजारच्या टेलरला ते एवढंच म्हणाले, "उद्या जेसीबी आला तर?" गल्लीच्या त्या टोकाला पोचेस्तोवर त्यातला 'तर' गळून पडला. दिवेलागणीला बातमी परत त्यांच्याच दारात आली, तेव्हा जेसीबी औशाहून निघालेला होता.

"तुमीच उठवलं की हे," बायको गुरम्मा म्हणाली.

"म्या 'आला तर' म्हनलो. हे 'निघाला' म्हनून राहिलेत. म्हंजी त्यास्नी पक्कं कळलंय!"

जेसीबी आला की ओट्याबरोबर शटरही उचकटतो, हे त्यांनी ऐकलं होतं. सकाळी त्यांनी घण उचलला. वडील संध्याकाळी याच ओट्यावर पान लावत बसायचे. पहिला घाव घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाहून गल्लीचा धीर सुटला. गुरुपादप्पा स्वतःच्या हातानं फोडतोय, म्हणजे त्याला वरून काहीतरी कळलंय! टेलरनं शेड उतरवलं. हणमंतरावांनी पहार घेऊन भट्टी पाडली. दुपारी एक रिक्षा चुकून गल्लीत शिरली आणि सरळ पलीकडं निघून गेली. रिक्षावाला मागं वळून बघत राहिला.

मंजुषा आली तेव्हा गुरुपादप्पा हात जोडून पुढं झाले.

"म्याडम, समदं काढलं बगा. शटरला तेवढा हात लावू नका."

"मी कशाला लावू? मी वाचनालयातून आलेय, काका. मला फक्त आठवणी हव्यात."

"तुमी महापालिकेच्या न्हाई?"

"नाही हो!"

उगारलेला एक हातोडा हवेतच थांबला. हणमंतराव पहार घेऊन सरळ उभे राहिले.

"जेसीबीचं पयले कोन बोललं?" त्यांनी टेलरकडं पाहिलं.

टेलरनं गुरुपादप्पांकडं पाहिलं. मग एकेक करून सगळ्या गल्लीनं पाहिलं. माणसं जवळ सरकू लागली. कुणाच्याच हातातलं अवजार खाली गेलं नव्हतं. या घोळक्यापेक्षा जेसीबी बरा, असं गुरुपादप्पांना वाटून गेलं. मागं सरायला ओटाही उरला नव्हता.

मंजुषा मात्र हरखून गल्ली न्याहाळत होती. तिनं मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला.

"काल एवढी मोकळी वाटली नव्हती! सांगा ना काका, ही गल्ली रुंद कशी झाली? सुरुवात कुणी केली?"

गुरुपादप्पांनी हणमंतरावांच्या पहारीकडं पाहिलं.

"लई जुनी गोष्ट हाय, म्याडम," ते म्हणाले. "कोन सुरू केलं, ते आता कुनाच्याच ध्यानात न्हाई."