मान टेकायची खुर्ची

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सकाळी खुर्चीत बसल्या आणि पुढच्याच क्षणी टेबलापलीकडे दिसेनाशा झाल्या. खुर्चीचा एक पाय कधीपासून कुरकुरत होता. आज त्यानं कुरकुर थांबवली आणि नोकरीच सोडली.

"बाई, लागलं का हो?" शाळेचा क्लार्क धावत आला.

"मला नाही, खुर्चीला लागलंय," टेबलाखालून आवाज आला. "आता मला उठवताय, की त्यालाही वरून मंजुरी आणायची?"

या क्लार्कला मुलं 'नियमकाका' म्हणत. शिडीवर चढायचं असेल तर उजवा पाय आधी की डावा, याचाही नियम कुठेतरी असणार आणि तो आपल्याला सापडणार, असा त्याचा चेहरा असे. माणूस मात्र मनानं मऊ.

"नवी खुर्ची लगेच हवी," साडी झटकत बाई म्हणाल्या. "तपासणीचे साहेब येतायत. मागच्या वर्षी काय शेरा मारून गेलेत, आठवतंय ना?"

शेरा सगळ्या शाळेला आठवत होता. 'मुले हुशार. गोंगाट अतिशय.' यंदाही हाच शेरा आला, तर वरचे वर्ग पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत हलवणार होते. वरचे वर्ग गेले की धाकटी भावंडंही मागोमाग जाणार, आणि मग या शाळेत गोंगाट करायलाही कोणी उरणार नाही, हे बाईंना कळत होतं.

"समोरच्या फर्निचरच्या दुकानात खुर्च्या टांगल्यात बघा. एक उचलून आणा."

"नाही जमायचं, बाई. त्या बाहेरगावच्या. सरकारी पैशानं वस्तू घ्यायची आणि ती आपल्याच भागात तयार होत असेल, तर पहिला मान इथल्या कारखानदाराचा. बाहेरची थोडी स्वस्त असली तरी."

नियम चांगला होता. बाईंनीच तो सातवीच्या वर्गाला शिकवला होता. इथला माल घेतला की इथल्या हातांना काम मिळतं, आणि ते हात आपल्याच मुलांच्या आईबापांचे असतात, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

"मग इथलीच आणा. पण माझी मान दुखते, तेवढं ध्यानात ठेवा."

नियमकाकानं ते फारच ध्यानात ठेवलं. त्यानं मागणीत लिहिलं : फिरणारी, वर-खाली होणारी, मान टेकायला उशी असलेली. अशी खुर्ची बनवणारा गावात एकच कारखानदार निघाला. मागणी वाचून त्याला आनंदानं भरून आलं. "अहो, अगदी हीच तर मी आयुष्यभर बनवतोय!"

ती तो कोणासाठी बनवतो, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

दोन हमालांनी नवी खुर्ची ऑफिसात आणून ठेवली आणि मोडकी लिलावाच्या ढिगात टाकली. लाल रेक्झिन, चकचकीत हात, पाय ठेवायला लोखंडी फळी, बाजूला पायानं दाबायचा दांडा आणि वर मान टेकायला गुबगुबीत उशी.

"ही तर सलूनची खुर्ची आहे!" बाई म्हणाल्या.

"पण फिरते, बाई," नियमकाका हळूच म्हणाला.

"वस्तराही फिरतो! परत पाठवा."

"पाठवतो. पण मग पुन्हा जाहिरात, पुन्हा दर मागवायचे, पुन्हा मंजुरी. तोवर तुम्हाला बालवाडीतल्या स्टुलावर..."

ते स्टूल बाईंनी एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्चीत बसल्या.

पहिली पेशी झाली ती चिमणीची. पाचवीतली ही मुलगी दिसायला एवढीशी, पण तिनं मैत्रिणीची चप्पल कौलांवर फेकली होती.

"लाज नाही वाटत?" बाई पुढं झुकून गरजल्या. खुर्चीनं 'फुस्स' केलं आणि बाई इंचभर खाली गेल्या. "उद्या स्वतःची फेकशील!" फुस्स. "आईला घेऊन ये!" फुस्स. बाई जितक्या रागावत, तितक्या बुटक्या होत. शेवटी टेबलाच्या कडेवर नुसता चष्मा उरला.

चिमणीनं ओठ घट्ट दाबून धरले होते. "बाई, मी वर करू का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दांड्यावर उडी मारली. बाई थेट भिंतीवरच्या नकाशापर्यंत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर गुन्हेगारांची रांग लागली.

"तू काय केलंस?"

"अजून काही नाही बाई. काय करू?"

वर्गावर्गांत नुसता धुडगूस. जो तो बाईंकडे पाठवा म्हणून बाकं वाजवत होता. बाईंनी कारखानदाराला बोलावून घेतलं. त्यानं खुर्चीच्या चारी बाजूंनी फेरी मारली आणि तो विचारात पडला.

"खुर्चीत दोष नाही, बाई. आमचं गिऱ्हाईक मागं रेलून निवांत पडतं. तुम्ही पुढं झुकून रागावता, म्हणून ती खाली जाते. रागावू नका."

"मुख्याध्यापिका आहे मी!"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि दांड्याला तेल घालून गेला. त्यानंतर फुस्सचा आवाज तेवढा बंद झाला. बाई आता गुपचूप खाली जाऊ लागल्या.

अशात तपासणीचे साहेब आले. सकाळपासून शाळा बघून बघून त्यांचे डोळे मिटायला आले होते. पाहुण्याला आपली खुर्ची द्यायची, ही बाईंची जुनी सवय. "बसा ना साहेब," त्या म्हणून गेल्या. नियमकाका दारातून दोन्ही हात हलवत राहिला, पण साहेब बसले होते.

ते मागं रेलले. पाठ अलगद खाली गेली, पाय फळीवर आले, मानेला उशी लागली. साहेबांनी डोळे मिटले.

"कानावरचे जरा कमी करा," ते पुटपुटले आणि घोरू लागले.

"आता हो?" बाई कुजबुजल्या. "मधली सुट्टी व्हायचीये!"

मधल्या सुट्टीत या शाळेचा आवाज पुलापलीकडे जात असे. शिपाई घंटेकडे निघालाच होता. त्याला थांबवायचं, तर घंटा वेळेवर झालीच पाहिजे हा नियम आडवा. नियमकाका क्षणभर घामाघूम झाला. मग पळत गेला, खिशातला रुमाल काढून घंटेच्या हातोडीला गुंडाळला आणि स्वतःच्या हातानं घंटा दिली. थप्, थप्.

"वाजवली," तो बाईंना म्हणाला. "ऐकू आलीच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही."

बाई व्हरांड्यात धावल्या. ओरडायची सोय नव्हती. त्यांनी चिमणीला जवळ घेतलं आणि तिच्या कानात सांगितलं, "साहेब जागे होईपर्यंत जो आवाज करणार नाही, त्याला खुर्चीत बसवून वर-खाली. सगळ्यांना सांग. हळू!"

निरोप वाऱ्यासारखा या कानातून त्या कानात गेला.

साहेबांना जाग आली, तेव्हा सगळीकडे सामसूम होती. "आज शाळेला सुट्टी दिलीत?" ते दचकून म्हणाले.

"नाही साहेब. मधली सुट्टी आहे."

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. मैदानभर पकडापकडी चालली होती, पण अनवाणी आणि बिनआवाजाची. एक पोरगा आऊट झाला होता आणि नुसत्या हातवाऱ्यांनी भांडत होता. दुसऱ्यानं आलेली शिंक दोन्ही हातांनी नाकातच दाबून धरली होती. त्या मुलांकडे बघता बघता साहेब अवघडून खुर्चीतून उतरले.

त्यांचा शेरा आला. 'शांतता आदर्श. स्थानिक मालाची निवड उत्तम. अशीच खुर्ची सर्व शाळांनी घ्यावी.'

वरचे वर्ग वाचले. बाईंनी शब्द पाळला. शेवटच्या मुलाची पाळी झाल्यावर नियमकाकाही दाराशी घुटमळला. "तपासणी म्हणून एकदा बघावं म्हणतो," तो म्हणाला. चिमणीनं दांडा दाबला.

आता कारखानदाराकडे सगळ्या शाळांच्या मागण्या. नवे कारागीर ठेवले, तरी हात पुरेनात. इतर गिऱ्हाइकांना तो सांगे, "थांबावं लागेल."

काही दिवसांनी बाईंचे यजमान केस कापून घरी आले. एका बाजूचा कल्ला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूचा गालापर्यंत.

"अहो, हे काय करून आलात?"

"न्हाव्याचा दोष नाही. त्याची खुर्ची मोडली, आणि नवी काही मिळेना. सगळ्या म्हणे शाळांत जातात. म्हणून त्यानं भंगारातून एक जुनी घेतली. तिला तीनच पाय आहेत, चौथ्याखाली विटा. त्यानं कात्री लावली की मी इकडं कलतो, वस्तरा लावला की तिकडं."

"मग बाहेरगावची चांगली का नाही मागवली त्यानं?"

"तेच म्हटलं मी. तर म्हणाला, आपल्या भागातली असताना बाहेरची कशाला?" यजमान आरशात बघत म्हणाले. "तुमच्याच शाळेच्या लिलावातली आहे ती."