पाटील मॅडमची सुट्टी

पोटात भाकरी पडल्याशिवाय पाटील मॅडम दुसऱ्याच्या पोटाला हात लावत नसत. पेशंट नियमाप्रमाणे उपाशी, आणि सर्जनबाई ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मांडी घालून तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी खाताहेत, हे मी थिएटर सिस्टर म्हणून कित्येक वर्षं पाहिलं. केस तातडीची असली तर उभ्याउभ्या दोन घास, पण खाणार म्हणजे खाणार. वास थेट आत जायचा. भूल देणारे डॉक्टर नाक मुरडत.

"माझा हात थरथरला तं तुमी धरनार हाव का?" मॅडम विचारत आणि बोटं चाटत.

मॅडम मूळच्या भिवंडीजवळच्या खारबाव गावच्या. घरची शेती आणि खाडीतली मासेमारी. मुंबईत शिकून मोठी पदवी घेऊन आल्या, पण राग आला की गावची बोली उसळून यायची. 'न्हाय म्हंजे न्हाय' हा त्यांचा शेवटचा शब्द.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मोबाइल नुकताच लोकांच्या हातात दिसू लागला होता. आमचं भिवंडीतलं रुग्णालय एका धर्मादाय ट्रस्टचं. सेक्रेटरीसाहेबांनी मोठ्या कौतुकानं मॅडमना एक मोबाइल भेट दिला. मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला. "सुनंदा, बेडी हाय ही," मला म्हणाल्या. "घंटी लावलेली."

भिवंडीत कापडाचे लूम थांबत नाहीत, त्यामुळे आमचं थिएटरही थांबत नसे. पट्ट्यात गेलेला हात, चेचलेली बोटं, त्यात अपेंडिक्स नि हर्निया. एकदा एक लूममालक आपल्या कामगाराच्या खाटेशी येऊन विचारू लागला, "डॉक्टरसाब, ये ड्युटी पे कब आएगा?"

"बैठो," मॅडम म्हणाल्या. "पहले तुम्हारा हाथ मशीन में डालते हैं. फिर दोनों को साथ में भेजूँगी."

मालक पुन्हा दिसला नाही.

मग आमचे दुसरे सर्जन ठाण्याला गेले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. मॅडम एकट्या. सेक्रेटरीसाहेबांना विचारलं की, "बघतोय, बघतोय." मॅडमच्या डोळ्यांखाली काळं साचलं. हात धुताना त्या भिंतीला डोकं टेकवू लागल्या. एक दिवस एका बाईच्या पोटाचे टाके घालताना त्यांचा हात मध्येच थांबला. मी पाहिलं, मास्कवरचे डोळे मिटले होते. मी हळूच कोपर लावलं. त्या दचकल्या, उरलेले टाके नीट घातले, आणि बाहेर येऊन बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलीकडच्या रुग्णालयातल्या सर्जनना फोन केला. "तातडीच्या केस दोन दिस तुमी घ्या." त्यांनी कबूल करताच मॅडम बायकांच्या वॉर्डात गेल्या, खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर आडव्या झाल्या आणि चादर ओढून घेतली.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं, जिला सगळा वॉर्ड खाला म्हणजे मावशी म्हणायचा, विचारलं, "बेटी, तुमको क्या हुआ?"

"थक गई हूँ, खाला."

"तो सो जाओ."

सेक्रेटरीसाहेब धावत आले. "मॅडम, हे काय? बाहेर पेशंट खोळंबलेत!"

"इथं पन पेशंटच हाय."

"अहो, डॉक्टर म्हणजे देव. लोकांनी कुणाकडे बघायचं?"

मॅडम कोपरावर भार देऊन उठून बसल्या. "देवाला पन दुपारी दार लावून झोपवता तुमी. मला का न्हाय? काल टाके घालताना माझा डोळा लागला. ती बाई मेली असती तं तुमी म्हनला असता, डॉक्टरची चूक. दुसरा सर्जन आना. आठवड्याला एक सुट्टी द्या. तवर एकटीनं चाकू धरनार न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय."

साहेब आणखी काही बोलणार, तोच खाला कडाडल्या, "अरे, बाई को सोने दो!" सगळा वॉर्ड त्यांच्यामागून ओरडला. साहेब चपला वाजवत निघून गेले, आणि मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाढ झोपल्या.

तोवर केस पलीकडच्या रुग्णालयात जात राहिल्या, आणि महिन्याच्या आत नवे सर्जन आले. मॅडमना रविवारची सुट्टी मिळाली.

त्या पहिल्या रविवारी मी फणसाची भाजी घेऊन त्यांच्या कोन गावातल्या घरी गेले. वाटलं होतं, झोपलेल्या असतील. मॅडम इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन पडवीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"कुठे निघालात?"

"तेच ठरत न्हाय."

आईवडील गेलेले. लग्न राहून गेलेलं. "भावाकडं जावं," त्या म्हणाल्या, "तं त्याची पोरं मला 'डॉक्टरबाई' म्हनतात. आत्या म्हनायची सवयच न्हाय लागली त्यांना. मी गेलेच कधी?"

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस. बोल कायतरी. हॉस्पिटलचं नको."

मी माझ्या सासूबाईंच्या लोणच्याचं सांगू लागले. शेजारणीच्या मांजराचं, नळावरच्या भांडणाचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांची मान कलली. मी थांबले, तशा त्या दचकून जाग्या झाल्या.

"बोल ना," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मान कलली. यावेळी मी थांबले नाही. ऊन पडवीतून अंगणात उतरलं तरी, आवाज लहान करून, काहीबाही बोलत राहिले.