खदानपूरची फक्की

शेखर काळमेघनं फक्कीचं पोतं दारात उतरवलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, आकांक्षानं, कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता या वयात कबड्डीचं मैदान आखता का?"

"सायकलचा ट्रॅक आखतो. उद्या तुझा भाऊ येऊन राहिला ना अकोल्याहून, त्याले दाखवतोच अमरावतीत काय हाय ते."

"दाखवा ना. पण मागच्यावानी नका करू म्हणजे झालं."

'मागच्यावानी' हा विषय शेखरला झोंबणारा होता. मागच्या खेपेला त्यानं कुलदीपला, म्हणजे आपल्या मेहुण्याला, 'एकदम सुनसान रस्ता' म्हणून जिथं नेलं, तिथं नेमका बैलबाजार भरला होता. एका बैलानं कुलदीपच्या हेल्मेटचा पट्टा चावून खाल्ला. तेव्हापासून अकोल्यात बारसं असो की तेरवी, कुलदीप उभा राहून तो बैल करून दाखवत असे. सासरची सगळी मंडळी हसत, आणि आकांक्षाही हसे, हे विशेष. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण कुलदीपच्या आकाशात हा ग्रह लग्नापासून आजतागायत उगवलाच नव्हता. कुलदीपचं बियाण्यांचं मोठं दुकान, परदेशी सायकल आणि अकोल्याच्या सायकलवाल्यांचं पुढारपण. शेखर बिचारा ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवणारा.

पण या वेळी शेखरच्या हाती हुकमाचा एक्का होता, तो म्हणजे खदानपूर. चांदूर रेल्वेच्या बाजूला, टेकड्यांच्या मागं हे गाव आहे. एके काळी इथल्या खदानींची गिट्टी रेल्वेच्या रुळांखाली जायची. तेव्हा गावात मजुरांच्या चाळी होत्या, आठवडी बाजार होता, एक टॉकीजसुद्धा होती. मग खदानी बंद पडल्या, क्रशर गंजले आणि मजूर निघून गेले. आता उरले होते ते खदानींत साचलेल्या पाण्याचे हिरवे डोह, बाभळी, आणि जुन्या ट्रकांनी पाडलेल्या वळणावळणाच्या वाटा. माणूस औषधाला सापडायचा नाही. उद्या कुलदीपनं इथं सायकल चालवून एकदा 'वा भाऊजी' म्हटलं की शेखरचा जन्म सार्थकी लागणार होता. त्याला दुसरं काही नको होतं.

तर शनिवारी शेखरनं बंद क्रशरपासून मोठ्या डोहापर्यंत फक्कीची पांढरी रेघ ओढली, वळणावळणावर लाल झेंड्या रोवल्या आणि एका खडकावर चढून, हेल्मेट घातलेल्या अवस्थेत, मोबाइल उंच धरून तो वाटेचा नकाशा टिपू लागला. तेवढ्यात पुंजाजी नावाचा एक म्हातारा बकऱ्या घेऊन तिथं आला.

"साहेब, कायची फक्की हाय हे?"

"रस्त्याची," शेखर म्हणाला. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता. "सायकलीच्या."

पुंजाजीनं रेघेकडं पाहिलं, झेंडीकडं पाहिलं, हेल्मेटकडं पाहिलं.

"सायकलीसाठी कोनी फक्की मारते का साहेब? शाळेच्या पोराइले सायकली भेटल्या, तवा बी नाई मारली कोनी."

"मी मारून राहिलो ना आता."

"बरं. उत्तमरावच्या पडीकातून जाते वाटते?"

"जात असन."

"अन् आमच्यातून? ते पाहा, तिकडं, गोठ्यापाशी."

"नाही हो, तिकडून काही संबंध नाही."

पुंजाजीचा चेहरा एकदम उतरला. शेखरला त्याचं कारण कळलं नाही. त्याला वेगळीच काळजी होती. उद्या गाव बघायला लोटलं तर पुन्हा बैलबाजारच. म्हणून खाली उतरून तो हळू आवाजात म्हणाला, "काका, हे गावात बोलू नका बरं. उगाच गर्दी होते."

"वरून सांगतलं का, बोलू नका म्हनून?"

"वरून कोण सांगते? मीच सांगून राहिलो."

"समजलं साहेब," पुंजाजी म्हणाला, आणि बकऱ्या तिथंच सोडून गावाकडं जवळजवळ पळतच गेला.

आता यात पुंजाजीची काही चूक नाही. गेल्या काही वर्षांत वऱ्हाडात ज्यानं ज्यानं माळावर फक्की आणि लाल झेंडी पाहिली, त्याला पुढचं सगळं पाठ आहे. आधी टोपीवाला एक साहेब येतो आणि म्हणतो, काही नाही, असंच. मग मोजणीवाले येतात. मग हायवे येतो. ज्याच्या वावरातून तो जातो त्याचं नशीब उघडतं. त्यातही नुसती खडकाळ जमीन असेल तर मोबदला बेताचा, पण तिच्यावर झाडं, गोठा, विहीर असं काही असेल तर त्याचा हिशेब निराळा. आणि ज्याच्या वावराला लागून हायवे जातो पण वावरातून जात नाही, त्याच्यासारखा करंटा जगात कोणी नाही. खदानपुराला खदानी बंद पडल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. ते गाव त्या दिवशी कामाला लागलं.

रविवारी सकाळी बंद क्रशरपाशी गाड्या थांबल्या. अकोल्याची आणि अमरावतीची मिळून दहा-बारा मंडळी सायकली उतरवून तयार झाली. सगळ्यांची हेल्मेटं, हातमोजे, आणि अंगात लांबून डोळ्यांत खुपणारी पिवळी-हिरवी जाकिटं. कुलदीपचं जाकीट सगळ्यांत पिवळं होतं.

"भाऊजी, बैल नाहीत ना?" त्यानं सुरुवात केली. लोक हसले.

"इथं एक माणूस जरी दिसला, तर नाव बदलून ठेवजो माझं," शेखर छाती काढून म्हणाला आणि पुढं निघाला.

पहिल्याच वळणावर टिनाचा कोरा करकरीत गोठा उभा होता. बरोबर रेघेवर. आत एक म्हैस बांधलेली होती आणि तीही शेखरइतकीच गोंधळलेली दिसत होती. शेखरनं डोळे चोळले. काल इथं काही नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता.

"भाऊजी, इकडून का तिकडून?" मागून कुलदीपनं विचारलं.

"बाजूनं घे, बाजूनं."

बाजूनं घेऊन ते वर चढले तर पुढं संत्र्याची बाग होती. सपाट खडकावर. रोपं नर्सरीच्या काळ्या पिशव्यांसकट उभी केलेली, पडू नयेत म्हणून भोवती गोटे रचलेले. बागेपलीकडं सिमेंटचं एक मोठं गोल कडं जमिनीवर नुसतंच ठेवलेलं होतं आणि उत्तमराव नावाचे धोतरवाले गृहस्थ त्यात कॅननं पाणी ओतत होते. पाणी खालून वाहून जात होतं. सायकली पाहताच त्यांनी कॅन लपवला आणि दोरी लावलेली बादली आत सोडली.

"जुनी विहीर हाय साहेब," ते म्हणाले. "आजोबाच्या टायमाची. बारमाही पानी!"

शेखर सायकलीवरून उतरला. आपण चुकून दुसऱ्याच गावात आलो की काय, म्हणून त्यानं मोबाइल काढून पाहिला. गाव तेच होतं. त्याचं डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. आता एकच आधार होता, तो म्हणजे आपण स्वतः रोवलेल्या झेंड्या. त्या पाहत तो निघाला, तर झेंड्यांनी डोह सोडून एकदम काटकोनात वळण घेतलं, काट्यांचं कुंपण ओलांडलं आणि सगळ्या मंडळीला थेट पुंजाजीच्या अंगणात नेऊन सोडलं. तिथं पांढरी रेघही संपली होती, कारण ती फक्की नव्हती, ज्वारीचं पीठ होतं. पुढचा सगळा रस्ता पुंजाजीच्या बकऱ्या चाटून खात होत्या.

"या साहेब, या!" पुंजाजी हात जोडून म्हणाला. "मोजा निवांत. पन अगुदर च्या घ्या."

बघता बघता सगळं गाव गोळा झालं. कोणी सातबारा पिशवीत घालून आणला होता, कोणी चहा, कोणी पोहे. प्रत्येकानं एकेक पिवळं जाकीट धरून ठेवलं. "आमचा गोठा पाहाले चाला", "आमचे झाडं लिहा", असा एकच कल्ला झाला. अकोल्याच्या एका दातांच्या डॉक्टरांना दोघांनी दोन बाजूंनी ओढून नेलं आणि ते लांबवर ओरडत राहिले, "अहो, मी फक्त दात पाहतो!"

कुलदीप पोह्यांची बशी हातात घेऊन शेखरपाशी आला. त्याचा आवाज असा होता की सगळ्यांना ऐकू जावा. "भाऊजी, बैलबाजारात निदान च्या तं कोनी पाजत नव्हतं. नाव काय ठेवाचं मंग तुमचं?"

मंडळी खो खो हसली. शेखरला वाटलं, जवळच्या डोहात सायकलीसकट उडी घ्यावी. आता दिवाळीला बैल जाऊन बकरी येणार, आणि आकांक्षा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणार. त्याला अगदी रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात सरपंच खुशालराव गर्दीतून पुढं आले. लोकांनी त्यांना वाट करून दिली.

"साहेब, गावासमोर एकडाव खरं सांगून टाका. हायवे इथूनच जाते ना?"

आणि तेव्हा कुठं शेखरच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला गोठ्याचा अर्थ कळला, विहिरीचा कळला, पिठाचा कळला. तो पोह्यांच्या पातेल्याशेजारच्या बाजेवर चढला.

"ऐका माझं! कोणताच रोड इथून जात नाही. मी सरकारचा माणूस नाही, मास्तर आहे. ही फक्की माझी आहे, माझ्या पैशाची. आमी फक्त सायकली चालवाले आलो. काहीही होऊन नाही राहिलं इथं!"

 खुशालरावांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"आयकलं का रे?" ते गावाकडं वळून म्हणाले. "साहेब सोता नाई म्हनून राहिले!"

"तिकडल्या गावात बी पयले नाईच म्हनलं होतं," पुंजाजी म्हणाला. "अन् पाहा आता, चार पदरी!"

गावानं टाळ्या वाजवल्या. दोघं-तिघं तर आणखी टिन आणायला तालुक्याला निघाले. शेखर बाजेवरून ओरडत राहिला आणि जितका ओरडला तितका लोकांचा विश्वास वाढत गेला. शेवटी घसा बसला तेव्हा तो खाली उतरला आणि सायकल हातात धरून क्रशरकडं चालू लागला.

क्रशरपाशी बाकीची मंडळी गाड्यांत बसत होती. शेखर सायकल टेकवून उभा राहिला आणि टोमण्याची वाट पाहू लागला. कुलदीप आला. इकडंतिकडं पाहून अगदी जवळ आला.

"भाऊजी," तो म्हणाला. हा आवाज शेखरनं आजवर ऐकला नव्हता. "मी मघाशी काही बोललो असन, तं मनात नका ठेवू."

"काय झालं?"

"काही नाही. घरच्या मानसाले तं सांगाल ना? रोड डोहाच्या इकडून हाय का तिकडून? नाही, म्हटलं थोडीशी जागा पाहून ठेवावी."

"अरे कुलदीप, रोड नाही रे! आईशप्पथ नाही!"

"समजलं." कुलदीपनं डोळा बारीक केला. "तुमची बी अडचन असते. मी काई लहान नाही. भूगोलवाल्याइले नकाशे अगुदर दिसत असतीन."

"कॉलेजातले नकाशे दिसतात मले! पाचशे पोरांचे पेपर दिसतात!"

"हो हो, कॉलेजातलेच," कुलदीप मान हलवत म्हणाला. मग त्यानं शेखरच्या सायकलीकडं पाहिलं. तिच्यावर चिखल, शेण आणि थोडं ज्वारीचं पीठ लागलं होतं. कुलदीपनं गळ्यातला पांढराशुभ्र रुमाल काढला, उकिडवा बसला आणि पुढचं चाक पुसायला लागला. एक एक तार पुसत होता. अकोल्याच्या गाडीतली मंडळी काचेतून तोंडात बोट घालून पाहत होती.

 पुन्हा एकदा खरं सांगायला शेखरनं तोंड उघडलं, आणि कुलदीपनं आशेनं वर पाहिलं.

"मागचं राहिलं," शेखर म्हणाला.