एकावन्न अर्ध्या सिनेमांची आणि एका अख्ख्याची बखर

श्री पडदा, श्री प्रकाश आणि श्री शुक्रवार या तिघांस प्रथम वंदन करून मजकूर लिहिला तो ऐसा. शके एकोणीसशे पाच, रुधिरोद्गारी नाम संवत्सर. नावाप्रमाणे त्या साली पडद्यावर रक्त पुष्कळ सांडले आणि मुलखात मात्र सर्व क्षेम होते. मुलूख म्हणजे एक टॉकीज, तिच्यासमोर एक पिठाची गिरणी आणि मधे धुळीचा रस्ता, येवढाच. टॉकीजवर बाळाप्पा शेट राज्य करीत होते आणि दरवाज्यावर इस्माईलभाई द्वारपाल उभे राहत. गिरणीच्या गादीवर धोंडजीराव आणि त्यांचे कुटुंब गोजराबाई उभयतां विराजमान होती. उभयतांस सिनेमाचा शौक भारी, आणि गिरणी एक घटका बंद ठेवावी तर मुलखाची भाकरी अडे. मग उभयतांनी मसलत करून तोड काढली ती ऐसी, की शुक्रवारी तीनच्या खेळास धोंडजीरावांनी तिकीट काढून आत जावे, मध्यंतराची घंटा होताच इस्माईलभाईंकडून परत येण्याचा पुठ्ठ्याचा गेटपास घ्यावा, धावत रस्ता ओलांडून तो गोजराबाईंच्या हाती द्यावा, आणि बाईंनी पदराचे पीठ झटकून उरलेला सिनेमा पाहावा. मग सांज झाली म्हणजे रावांनी पूर्वार्ध सांगावा, बाईंनी उत्तरार्ध सांगावा, आणि दोघांचा मिळून एक सिनेमा व्हावा.

द्वारपाल दर खेपेस विचारीत, "बाई, आत मिशी गेली होती, ती कुठं हाय?"

बाई म्हणत, "गव्हावर बसवून आलीय. सरका तिकडं."

आणि ते हसून सरकत.

आता यातील गुप्त कारस्थान लिहितो. सात वर्षांमागे, पहिल्याच साली, बाईंनी एका सिनेमाचा शेवट होता तैसा सांगितला, की म्हातारी आई पुत्राची वाट पाहता पाहता उंबऱ्यावर वारली. ते ऐकून धोंडजीरावांस ऐसा हुंदका आला की डोळ्यांस काही दिसेना, आणि त्यांनी सरपंचांचे गहू मिरचीच्या चक्कीत ओतले, आणि सरपंचांच्या वाड्यावर दोन दिवस तिखट पोळ्या झाल्या, आणि पाव्हणे उपाशी उठले. मग बाईंनी मनाशी निश्चय केला, की आजपासून खरा शेवट सांगणे नाही. तेव्हापासून गोजराबाईंच्या राज्यात कोणी मेले नाही. गोळी लागली तर दंडास लागे, ताटातूट झाली तर स्टेशनावर भेट होई, आणि शेवटी सगळी मंडळी जेवावयास बसत. राव ते ऐकून तृप्त होत आणि पीठ मऊ दळले जाई. मुलखास हे ठाऊक होते आणि रावांस नव्हते.

बाळाप्पा शेटांची चाल ऐसी होती, की वर्ष सरताना नेहमीच्या प्रेक्षकांचा दरबार टॉकीजच्या अंगणात भरवावा, एकास मान देऊन सालातले आवडते सिनेमे विचारावे, आणि त्याने पहिला ठरविला तो शेवटच्या शुक्रवारी पुन्हा लावावा, आणि मानकऱ्यास सहकुटुंब बाल्कनीत बसवावे. त्या साली इस्माईलभाईंनी साक्ष दिली की एकावन्न शुक्रवारांत धोंडजीरावांचा एकही चुकला नाही. मग शेट म्हणाले, "राव, उठा. बोला."

धोंडजीराव टोपी सारखी करून उभे राहिले आणि म्हणाले, "पाचवा नंबर त्या दरोडेखोराचा. काय माणूस! शेवटी बंदूक टाकून गावात शाळा काढतो."

तो दरोडेखोर सात गोळ्या खाऊन नदीत पडला होता हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. पानवाल्याने तोंड उघडले, तों त्याची दृष्टी मागे उभ्या गोजराबाईंवर गेली. बाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने गिरणीकडे दाखविले. तेथे त्याचा ज्वारीचा डबा रांगेत होता. दरबारातल्या सर्वांचेच डबे रांगेत होते. पानवाला म्हणाला, "शाळा लई चांगली काढली हो," आणि पान लावू लागला.

मग रावांनी चौथा नंबर दोन भावांच्या सिनेमास दिला, कारण ते शेवटी एका ताटात जेवतात, आणि तिसरा आंधळ्या गवयास दिला, कारण त्याचे डोळे परत येतात, आणि दुसरा एका कुत्र्यास दिला, कारण तो नुसता जखमी होतो. कुत्र्याच्या नावाने इस्माईलभाईंनी तोंड फिरवून नाक शिंकरले.

"आणि पहिला," राव म्हणाले, "त्या नावाड्याचा. पूर कापून नवरी घेऊन येतो आणि आई दोघांस्नी पुरणपोळी वाढते. अहो, तो शेवट ऐकून मी तीन दिवस कुणावर वरडलो नाही. त्यो मला सबंध बघायचाय. हिच्याबरोबर."

गोजराबाईंच्या तोंडचे पाणी पळाले, कारण तो नावाडी भर पुरात बुडाला होता आणि नवरी काठावर बांगड्या फोडीत राहिली होती. बाई पुढे होऊन म्हणाल्या, "त्यो नको. गाणी फार हायेत त्यात."

"गाणी तुला कवापासून नको झाली?"

"कुत्र्याचा बघू की."

"नावाड्याचा!" राव म्हणाले, आणि शेटांनी हुकूम सोडला.

मग बाईंनी एकांती शेटांकडे जाऊन रदबदली केली, की शेवटचे रीळ कोठे तरी हरवावे. शेट म्हणाले, "वैनी, मागं एकदा रीळ हरवलं तेव्हा लोकांनी खुर्च्या मोडल्या. तुम्हीच आता खरं काय ते सांगून टाका."

बाई म्हणाल्या, "सात वर्षं सांगितलेलं आता कसं परत घेऊ? त्यांचा माझ्यावरचा इश्वास जाईल. मग शुक्रवारी मी आल्यावर ते काय विचारतील मला?" ऐसे बोलून डोळे पुसले.

मार्गशीर्ष वद्य पक्षी शुक्रवारी गिरणीस कुलूप पडले. मुलखाने ते पूर्वी पाहिले नव्हते, म्हणून लोक कुलूप पाहूनही गेले. उभयतां बाल्कनीत बसली. रावांनी नवे धोतर परिधान केले होते. बाईंनी हातात रुमाल गच्च धरला होता. पडदा उजळला, नावाडी आला, नदी आली, नवरी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आली आणि गाणे म्हणू लागली. अर्धी घटका गेली. मग बाई हळूच म्हणाल्या, "अहो, दवाखाना कवा येतो?"

"येईल की."

कारण रावांनी पूर्वार्ध सांगताना नवरी डॉक्टरीण आहे ऐसे सांगितले होते. बाईंनी उत्तरार्धात तिला बांगड्या विकताना पाहिले, तेव्हा बिचारीचा दवाखाना चालत नसावा ऐसे धरून हळहळ केली होती. आता मध्यंतर झाले आणि दवाखाना आला नाही. रावांच्या सांगण्यात आई आंधळी होती, ती येथे सुईत दोरा ओवीत होती. दिवे लागले. बाईंनी रावांकडे पाहिले आणि राव छताकडे पाहू लागले.

"डॉक्टरीण कुठाय?"

राव म्हणाले, "गोजरा, आतला पंखा लई गार असतो गं."

"म्हंजे?"

"नावं संपली की डोळाच लागतो. पहाटेपास्नं गिरणीच्या पट्ट्याचा आवाज, आन् इथं हा गारवा. घंटा झाली की जाग येती."

"एकावन्न शुक्रवार?"

"दोन-तीन जागं राहून बघितले असतील."

"मग डॉक्टरीण कुठनं आणली?"

"बाहेर पोस्टरं असत्यात. त्यावरनं जुळवायचो. पांढरा डगला घातलेली बाई होती बघ."

"ती दंतमंजनाची जाहिरात हाय!"

आणि बाई ऐशा हसल्या की खालचा पानवाला वर पाहू लागला. मग हसता हसता त्यांच्या ध्यानात आले की आपला उत्तरार्ध अजून पुढेच आहे, आणि हसू गेले. तितक्यात घंटा झाली, आणि सवयीने राव दाराकडे निघाले, आणि सवयीने बाई पदर झटकून त्यांच्या मागे निघाल्या. इस्माईलभाईंनी उभयतांस अडविले. "कुठं चालले दोघं? गिरणीला कुलूप हाय. बसा."

मग पूर आला. नाव उलटली, नावाडी एकदा वर आला, दुसऱ्यांदा वर आला, तिसऱ्यांदा आला नाही. नवरीने बांगड्या फोडल्या. सारी टॉकीज पडदा सोडून बाल्कनीकडे पाहत होती. धोंडजीराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून निश्चल बसले होते. दिवे लागले. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मिरचीमुळं मी..."

राव उठले, कठड्याशी गेले आणि खाली उभ्या शेटांवर गरजले, "ओ शेट! ही काय रीत झाली? शेवट कापलाय तुम्ही! पुरणपोळी कुठाय?"

शेटांनी बाईंकडे पाहिले, रावांकडे पाहिले आणि हात जोडून म्हणाले, "चूक झाली राव. रीळ अपुरं आलं."

"पुन्हा होता कामा नये," राव म्हणाले.

रस्ता ओलांडताना त्यांनी रुमाल मागून घेतला, डोळे आणि मिशी पुसली आणि कुलपास किल्ली लावता लावता म्हणाले, "पाण्यात गेला तिथवर मी बघितलं. तिथनं पुढं सांग. आई पोळी वाढती, तूप किती घालती?"

बाईंनी सांगावयास आरंभ केला, आणि गिरणी सुरू झाली.

तात्पर्य येणेप्रमाणे. त्या सालचा पहिला नंबर नावाड्याचाच कायम राहिला, मात्र शेटांच्या पडद्यावरचा नव्हे, गिरणीतला. पुढल्या शुक्रवारी शेटांनी पुन्हा बाल्कनीची दोन आसने देऊ केली. धोंडजीरावांनी मुजरा करून नाकारली आणि पंख्याखालचे एक तिकीट काढले. मजकूर येथे पुरा झाला.